‘काय लावू?’ विचारण्याआधीची वीस मिनिटं

गेल्या होळीला आमच्या जाऊबाई पुरण आटवत होत्या. पुरण घट्ट व्हायला लागलं की रटरटतं आणि मधूनच उडतं. तसाच लिंबाएवढा गोळा उडाला आणि त्यांच्या उजव्या मनगटावर बसला. उकळतं पाणी निदान ओघळून जातं. पुरणात गूळ असतो, ते जिथे पडतं तिथेच चिकटतं आणि चिकटल्या जागी भाजत राहतं. जाऊबाई कळवळल्या. सासूबाईंनी आतूनच हाक दिली, “अगं, टूथपेस्ट लावा आधी!” पुतण्या हळदीचा डबा घेऊन धावत आला. मी त्यांचा हात धरून सिंकच्या नळाखाली नेला आणि नळ सोडला. पुरण बोटाने खरवडायला गेले नाही, ते पाण्याने आपसूक सुटलं.

मग लक्ष बांगड्यांकडे गेलं. सणाच्या हिरव्या बांगड्या, बरोबर भाजलेल्या जागेवर. पाणी चालू ठेवूनच साबणाचा हात लावून एकेक काढली. शेवटची निघताना वाढली. सासूबाईंना ते रुचलं नाही, पण अर्ध्या तासाने मनगट असं सुजलं की त्या बांगड्या आत रुतल्या असत्या आणि मग त्या काढायला दवाखाना गाठावा लागला असता.

नळाखाली हात धरून उभ्या असताना जाऊबाई दर दोन मिनिटांनी एकच विचारत होत्या, “पण आता काय लावू?” हा प्रश्न आपल्या घराघरांतला आहे. भाजलं म्हणजे काहीतरी लावलंच पाहिजे, नाहीतर उपचार झाला असं वाटतच नाही. मी डॉक्टर नाही. ऑफिसात झालेल्या प्रथमोपचार शिबिरात हे शिकले आणि नंतर जिथे जिथे खात्रीचं वाचायला मिळालं तिथे वाचत गेले. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे, ती कळकळीने सांगते: पहिली वीस मिनिटं लावायचं असतं ते फक्त पाणी.

असं का, ते तव्यावरून लगेच कळेल. शेवटची भाकरी तव्यावर असताना आपण गॅस बंद करतो, तरी ती शेकते. आच गेली, पण तव्यात उष्णता आहे. कातडीचंही तसंच होतं. गरम वस्तू दूर झाली तरी कातडीत शिरलेली उष्णता आतल्या थरांकडे सरकत राहते, आणि आपल्याला वाटतं ‘भाजून झालं’ तेव्हा आत भाजणं चालूच असतं. किती उष्णतेने किती वेळात कातडी जळते हे मोरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी १९४७ साली मोजून ठेवलं आहे. ४४ अंश सेल्सिअसला कातडी जळायला सुमारे सहा तास लागतात, ६० अंशांना पाच सेकंद, आणि ७० अंशांना जेमतेम एक सेकंद. नुकता गाळलेला चहा यापेक्षा गरम असतो. फोडणीचं आणि तळणीचं तेल तर १७०-१८० अंशांवर असतं.

वाफेचं गणित आणखी वेगळं आहे. आपल्याला वाटतं, वाफच ती, उकळत्या पाण्याइतकी काय भाजणार? पण एक ग्रॅम वाफ कातडीवर लागून तिचं पाणी होतं तेव्हा ती सुमारे ५४० कॅलरी उष्णता तिथे सोडते. तेच एक ग्रॅम उकळतं पाणी अंगाच्या तापमानापर्यंत निवताना साठेक कॅलरीच देतं. म्हणजे वाफेचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा कितीतरी जबर. कुकरची शिट्टी उचलताना किंवा मोदकपात्राचं झाकण काढताना मनगटावर वाफ आली तर ‘नुसती वाफ लागली’ म्हणून सोडून देऊ नका.

आता वीस मिनिटांत पाणी नेमकं काय वाचवतं? १९५३ साली डग्लस जॅक्सन या ब्रिटिश शल्यविशारदांनी भाजलेल्या जागेचे तीन भाग सांगितले. मधोमध जो भाग सर्वात जास्त भाजला, तिथल्या पेशी मेल्या, त्यांचं काही होत नाही. सर्वात बाहेरचा भाग फक्त लाल झालेला असतो, तो काही न करताही बरा होतो. प्रश्न असतो तो या दोन्हींमधल्या पट्ट्याचा. तिथल्या पेशी जिवंत असतात, पण रक्तपुरवठा मंदावलेला असतो, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत त्या सावरतील की मरतील हे ठरायचं असतं. नळाखालची वीस मिनिटं या पट्ट्यासाठी असतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये भाजलेल्या २,४९५ मुलांच्या नोंदी तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मुलांच्या जखमेवर नीट वीस मिनिटं वाहतं पाणी सोडलं होतं, त्यांच्यात कातडीचं रोपण करावं लागण्याची शक्यता ४० टक्क्यांहून अधिक कमी होती. एवढा फरक साध्या पाण्याने पडतो. आणि भाजल्या क्षणी पाणी मिळालं नाही तरी तीन तासांच्या आत केव्हाही सोडलं तर उपयोग होतो. रस्त्यात सायलेन्सरचा चटका बसला आणि घरी पोहोचायला तास लागला, तरी घरी आल्यावर पोटरीवर वीस मिनिटं पाणी सोडाच.

पाणी गार हवं, पण बर्फाचं नको. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे त्या मधल्या पट्ट्याला जे थोडं रक्त मिळत होतं तेही थांबतं, आणि वर गारठ्याने कातडीला नवी इजा होते. साधारण १५ अंशांचं पाणी उत्तम, नळाला येणारं बहुतेक वेळा चालतं. पण आपल्याकडे दोन अडचणी आहेत, त्या इंग्रजी माहितीपत्रकांत सापडत नाहीत. पहिली, एप्रिल-मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला पोळेल इतकं तापलेलं असतं. ते सोडून उपयोग नाही. अशा वेळी माठ. माठातलं पाणी पाझरून गार झालेलं असतं, बर्फाइतकं थंड नसतं आणि पिण्याचं असल्यामुळे स्वच्छही असतं. फ्रिजची बाटली असेल तर ती साध्या पाण्यात मिसळून घ्या. दुसरी अडचण, ज्या गावाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं तिथे वीस मिनिटं नळ सोडा म्हणणं मलाच जड जातं. तिथे घमेलं किंवा टब खाली ठेवायचा, भाजलेला हात त्यावर धरायचा आणि तांब्याने सावकाश धार धरायची. टबात साठलेलं तेच पाणी पुन्हा वापरता येतं, जागा फुटली नसेल तर काही बिघडत नाही. तेवढंही नसेल तर स्वच्छ सुती फडकं ओलं करून ठेवायचं आणि ते गरम होण्याआधी, दर मिनिटा-दोन मिनिटांनी पुन्हा भिजवायचं. काहीच न करण्यापेक्षा हे फार बरं.

वीस मिनिटं म्हणजे किती, हे उभं राहिल्यावर कळतं. जाऊबाईंना पाचव्या मिनिटालाच वाटलं, झालं, थांबली आग. हात बाजूला घेतला तर पुन्हा भगभग सुरू. घड्याळ लावा, स्टूल ओढून बसा. अंगठी, घड्याळ, बांगड्या, पायातली जोडवी याच वेळात काढून घ्या. कपडा भिजलेला असेल तर तो काढा, कारण उकळतं पाणी आणि तेल कपड्यात धरून राहतं. पण कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका, त्याच्या कडेने कात्रीने कापा.

लहान मूल भाजलं तर एक जपायचं: भाजलेली जागा गार करायची, मूल गारठू द्यायचं नाही. बाकीचं अंग टॉवेलात किंवा दुपट्यात गुंडाळून ठेवा, आणि पोर काकडायला लागलं तर पाणी थांबवा.

आता जे लावलं जातं त्याबद्दल. हे कोणाला नावं ठेवण्यासाठी लिहीत नाही. हळद आमच्याही घरी प्रत्येक कापलेल्या बोटावर लागते, आणि लावणाऱ्याच्या मनात माया असते. पण जागतिक आरोग्य संघटनेने भाजल्यावर काय करू नये याची जी यादी दिली आहे, तिच्यात हळदीचं नाव ‘हळदी’ असंच घेऊन सांगितलं आहे की लावू नका. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि तिच्या पिवळ्या रंगाखाली जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. मग ती घासून काढावी लागते. त्या वेळचं दुखणं पहिल्यापेक्षा जास्त.

तूप, लोणी, खोबरेल तेल हे तर कातडीतली उष्णता आत कोंडून ठेवतात. टूथपेस्टने गार वाटतं ते पुदिन्याच्या अर्कामुळे. थंडी जाणवणाऱ्या नसा त्याने चाळवल्या जातात, कातडीचं तापमान तसूभर उतरत नाही. म्हणजे गार वाटतं, आणि म्हणूनच माणूस नळ बंद करतो. शाई, कणीक, बटाट्याचा कीस, अंड्याचा बलक, कोणाची ओली माती, सगळ्यांची तीच गत. मध औषधी आहे हे खरं, पण जखमेवर वापरतात तो निर्जंतुक केलेला वेगळा मध असतो, स्वयंपाकघरातला नव्हे. कोरफडीचं थोडं वेगळं. कातडी फक्त लाल असेल, फोड नसेल, तर पाण्याची वीस मिनिटं झाल्यावर कोरफडीचा गर लावायला हरकत नाही. मात्र पान कापल्यावर जो पिवळा चीक गळतो तो पूर्ण निथळून धुऊन टाका, त्याने कातडी चरचरते.

आणि मलम? बहुतेक घरांत फ्रिजच्या दारात पिवळ्या मलमाची एक ट्यूब असते. ती पाण्याच्या आधी लावणं ही सर्वात मोठी चूक. नंतरही, फोड न आलेल्या लहान चटक्याला साधं पेट्रोलियम जेली पुरतं. सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम आपण स्वतः आणून थापू नये. त्याचा जखमेवर पांढरट थर धरतो आणि खालचं दिसेनासं होतं, शिवाय आताच्या कित्येक ड्रेसिंगांच्या मानाने त्याने जखम सावकाश भरते असं अभ्यासांत दिसलं आहे. डॉक्टरांनी दिलं तर वेगळं.

वीस मिनिटं संपली की जागा टिपून कोरडी करा, चोळू नका, आणि उजेडात नीट पाहा. नुसती लाल, दुखरी, दाबली की पांढरी होऊन पुन्हा लाल होणारी, फोड नसलेली कातडी म्हणजे फक्त वरचा थर भाजला. ते आठवडाभरात बरं होतं. फोड आला, आतून गुलाबी ओलसर दिसतं आणि वाराही सोसत नाही, तर दुसरा थर भाजला आहे. लहान असेल तर दोनेक आठवड्यांत भरतं. पण जागा पांढुरकी, मेणासारखी, तपकिरी किंवा चामड्यासारखी कडक दिसली आणि फारसं दुखत नसेल, तर ‘दुखत नाही ना, मग ठीक आहे’ असं समजू नका. दुखत नाही कारण तिथल्या नसाच जळल्या आहेत. अशी जागा रुपयाएवढी असली तरी डॉक्टरांना दाखवायची. सायलेन्सर, इस्त्री, तवा यांचे चटके पुष्कळदा दिसतात त्यापेक्षा खोल असतात.

घरी सांभाळायचं कोणतं आणि दवाखान्यात कोणतं, याचं घरगुती माप भाजलेल्याच्याच हातात आहे. बोटांसकट त्याचा तळवा म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. मोठ्या माणसाला त्याच्या तळव्यापेक्षा मोठी, फोड आलेली जखम असेल तर दाखवायलाच हवी. चेहरा, हाताचा पंजा, पाऊल, सांधा, जांघ किंवा गुह्यांग इथे भाजलं, किंवा बोटाला-हाताला गोल वेढा घालून भाजलं, तर जखम छोटी असली तरी जा. जाऊबाईंचं मनगट सांध्यावरच, म्हणून पाणी सोडून झाल्यावर आम्ही गेलोच. पाच वर्षांखालची मुलं आणि साठीपुढची माणसं यांची कातडी पातळ असते, त्यांच्या बाबतीत वाट पाहू नका.

मधुमेही माणसाच्या पावलाबद्दल जरा थांबून सांगते. पायाच्या संवेदना कमी झालेल्या असतात. पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी घेतली किंवा टबात पाय सोडले, तर कातडी भाजेपर्यंत त्यांना कळत नाही. सकाळी फोड दिसतो आणि ‘हा कुठून आला?’ असा प्रश्न पडतो. हा फोड घरी सांभाळायचा नाही. आणि पिशवीचं किंवा टबातलं पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या कोणीतरी कोपराने पाहावं.

विजेचा झटका बसून भाजलं तर बाहेर छोटा काळा ठिपका दिसतो, आत मात्र स्नायूंना आणि हृदयाला इजा झालेली असू शकते, त्यामुळे न चुकता दवाखाना. आधी मेन स्विच बंद, मग माणसाला हात. संडासाचं ॲसिड किंवा ड्रेन साफ करायची पावडर अंगावर पडली तर वीस मिनिटं पुरत नाहीत, त्याहून बराच जास्त वेळ पाणी सोडावं लागतं. पावडर किंवा चुना कोरडा असेल तर आधी झटकून टाका, मग पाणी. बिब्बा उतला असेल तर तेही रसायनाने भाजणंच आहे: साबणाने धुवा, डॉक्टरांना दाखवा, फोडांना हात लावू नका. बंद खोलीत धूर कोंडला असेल, आवाज घोगरा झाला असेल, श्वास लागत असेल किंवा मोठा भाग भाजला असेल तर १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत पाणी चालू.

घरी सांभाळण्याजोगा चटका असेल तर पुढचे दिवस फार कठीण नसतात. फोड फोडायचा नाही. त्याच्यावरची पातळ कातडी म्हणजे देहाने स्वतः केलेली निर्जंतुक पट्टी आहे, सुईने टोचून आपण तिला भोक पाडतो. आपोआप फुटला तर उकळून गार केलेल्या पाण्याने आणि सौम्य साबणाने हलके धुवा. मेडिकलमध्ये ‘पॅराफिन गॉज’ म्हणून मागितलं की मऊ तेलकट जाळी मिळते, ती जखमेला चिकटत नाही. ती आधी, तिच्यावर कोरडं गॉज आणि मग सैल पट्टी. कापूस थेट कधीच ठेवू नका, त्याचे तंतू जखमेत रुततात. बोटं भाजली असतील तर प्रत्येक बोटाला वेगळी पट्टी. दवाखान्यात जाईपर्यंत तात्पुरतं झाकायला स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म उत्तम: वरचा एक फेरा टाकून द्यायचा आणि पुढचा तुकडा जखमेवर नुसता ठेवायचा, गुंडाळायचा नाही.

दुखण्यासाठी मोठ्या माणसाला पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते, फार दुखलं तर दोन. दोन वेळांमध्ये किमान चार ते सहा तास आणि चोवीस तासांत आठ गोळ्यांच्या वर कधीच नाही. यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू घेणारा माणूस असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मुलांना वजनाप्रमाणे, डॉक्टर सांगतील तेवढंच. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं हे आठवत नसेल किंवा पाच वर्षं उलटली असतील तर विचारून घ्या.

पहिल्या दिवशी हलकी वाटलेली जखम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खोल निघू शकते, तो मधला पट्टा हरला तर. म्हणून ४८ तासांनी पट्टी सोडून पाहायचीच. चिकटली असेल तर ओढायची नाही, पाण्याने भिजवून सोडवायची. भोवतालची लाली पसरत चालली, पू आला, घाण वास सुटला, दुखणं उतरण्याऐवजी चढलं किंवा ताप आला, तर दवाखाना. लहान मुलाला भाजल्यानंतरच्या काही दिवसांत ताप, अंगावर पुरळ, उलट्या किंवा जुलाब सुरू झाले तर जखम कितीही छोटी असो, त्याच दिवशी न्या. जंतूंच्या विषामुळे असं होतं आणि ते झपाट्याने वाढतं. आणि तीन आठवड्यांत जखम भरली नाही तर प्लास्टिक सर्जनना दाखवायला हवं, कारण उशिरा भरलेली जखम व्रण मागे ठेवते.

जाऊबाईंचं मनगट बारा दिवसांत भरलं. नवी कातडी गुलाबी, चकचकीत आणि कोरडी होती, आणि तिला खाज इतकी सुटायची की त्या झोपेत खाजवायच्या. नवी कातडी येते तेव्हा खाज सुटतेच. डॉक्टरांनी दिवसातून तीन-चारदा बिनवासाचं मॉइश्चरायझर हलक्या हाताने चोळायला सांगितलं, नखं कापायला सांगितली, आणि उन्हात जाताना पूर्ण बाही किंवा सनस्क्रीन, कारण आपल्या रंगाच्या कातडीवर अशा जागी ऊन लागलं की डाग काळा पडतो आणि बरेच महिने तसाच राहतो. गणपतीत त्या हिरव्या बांगड्या भरायला बसल्या तेव्हा कासाराने मनगट पाहून विचारलं, “काय झालं होतं, ताई?” डाग तोवर भोवतालच्या कातडीत मिसळत आला होता. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, “पुरण उडालं होतं. नळाखाली धरला हात.”